ऑफ-रोड गाडीसाठी सस्पेन्शन लिफ्ट कशी निवडावी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गाडी उंच केली की ती खडबडीत वाटेवर आपोआप चांगली चालू लागते, अशी समजूत मनात धरून बहुतेक नवखे सस्पेन्शन लिफ्टच्या, म्हणजे स्प्रिंग व शॉकमध्ये बदल करून गाडी चाकांपासून उंच करण्याच्या, चौकशीला लागतात, आणि त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न ‘किती इंच?’ हा असतो. वास्तविक हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. गाडी कुठे टेकते, तिच्यावर कायमचे वजन किती आहे आणि तिला कोणते टायर लावायचे आहेत, या तीन गोष्टी ठरल्या की उंचीचा आकडा जवळजवळ स्वतःच पुढे येतो, आणि तो बहुधा मनातल्या आकड्यापेक्षा लहान निघतो. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत. क्रम उलटा केल्यास त्याच वस्तूंवर दोनदा खर्च होतो.

पहिली पायरी : गाडी नेमकी कुठे अडते ते पाहावे

गाडीखाली शिरून घासल्याच्या खुणा शोधाव्यात. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेवर ओरखडे असतील, तर चढ सुरू होतानाच गाडीचे नाक टेकते आहे. पायदानावर किंवा ट्रान्सफर केसखालच्या (पुढच्या व मागच्या ॲक्सलला शक्ती वाटणाऱ्या पेटीखालच्या) संरक्षक पत्र्यावर खुणा असतील, तर उंचवटा ओलांडताना पोट टेकते आहे. मागच्या बंपरवर किंवा टो हुकवर खुणा असतील, तर उतार संपताना शेपूट घासते आहे. या तिन्ही तक्रारींवर सस्पेन्शन लिफ्टचा उपयोग होतो. पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर २.४ मीटर असलेल्या आखूड गाडीचे पोट ५० मिलीमीटरने वर गेले, तर उंचवटा ओलांडण्याचा कोन ढोबळमानाने चार ते पाच अंशांनी वाढतो. हेच अंतर ३ मीटरच्या वर असलेल्या लांब पिकअपमध्ये तेवढ्याच लिफ्टचा फायदा त्याहून कमी मिळतो.

चौथ्या प्रकारची खूण मात्र वेगळी वाचावी लागते. जीप रँगलर किंवा सुझुकी जिम्नी यांसारख्या गाड्यांत पुढे व मागे अखंड ॲक्सल असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच जाड नळी आणि तिच्यात डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीचा, फुगीर भाग. या गाड्यांत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो हाच भाग, आणि सस्पेन्शन कितीही उंच केले तरी त्याची जमिनीपासूनची उंची एका मिलीमीटरनेही वाढत नाही, कारण ॲक्सल चाकांवर उभा असतो आणि स्प्रिंग त्याच्या वरच्या बाजूला असते. डिफरेन्शियलच खडकांवर आपटत असेल तर सोपा उपाय एकच, तो म्हणजे मोठा टायर. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत (बहुतेक आधुनिक पिकअप अशाच असतात) पुढचे डिफरेन्शियल चॅसीला बांधलेले असते, त्यामुळे तिथे ते लिफ्टबरोबर वर जाते. मागे मात्र अशाही अनेक गाड्यांना अखंड ॲक्सलच असतो.

आणखी दोन तक्रारी अशा आहेत की त्यांच्यासाठी लोक लिफ्ट घेतात, पण त्यांचे मूळ उंचीत नसते. वाळूत किंवा चिखलात गाडी रुतत असेल, तर आधी टायरमधील हवा कमी करून पाहावी. उंचसखल जागी तिरकस समोरासमोरची दोन चाके हवेत किंवा अर्धवट तरंगत फिरत राहत असतील, तर अडचण पकडीची आहे. अशा वेळी डिफरेन्शियल लॉक (ॲक्सलची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी कळ) किंवा सुटा करता येणारा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचा कल आवरणारा दांडा) अधिक काम करतो. या दोन उपायांनी भागत असेल, तर लिफ्टचा विचार निदान पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी : मापे आणि वजन

गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांपाशी चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, कारण टायरमधील हवा, टायरची झीज आणि टायरचा आकार यांच्याबरोबर ते माप बदलते, तर चाकाच्या मध्यापासूनचे माप फक्त सस्पेन्शनविषयी बोलते. मोजण्यापूर्वी गाडी थोडी पुढे-मागे चालवून थांबवावी. जॅकवरून नुकत्याच उतरवलेल्या गाडीची चाके आत ओढलेली राहतात आणि माप फसवे येते. हे चार आकडे लिहून ठेवावेत, कारण लिफ्ट बसवल्यानंतर खरोखर किती उंची मिळाली आणि वर्षभराने त्यातील किती उरली, हे याच आकड्यांवरून कळते. डावी-उजवीकडे थोडा फरक आढळला तर दचकू नये. चालक, इंधनाची टाकी आणि बॅटरी यांचे वजन दोन्ही बाजूंना सारखे नसल्याने अनेक गाड्यांत तो मुळातच असतो.

यानंतर गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि प्रवासाला निघताना असते तशीच न्यावी: टाकी भरलेली, सामान आत, माणसे बसलेली. आधी पूर्ण गाडीचे, मग केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून पुढच्या ॲक्सलचे आणि त्याच रीतीने मागच्या ॲक्सलचे वजन घ्यावे. लिफ्ट निवडताना या दोन आकड्यांइतकी महत्त्वाची माहिती दुसरी नाही, आणि नेमकी तीच कोणी घेत नाही.

पुढे लावायच्या सामानाचे वजन मोजताना एक गोष्ट हमखास सुटते. समजा, लोखंडी बंपर आणि विंच (तारेने गाडी ओढून काढणारे यंत्र) मिळून ७० किलो आहेत आणि त्यांचा भार पुढच्या ॲक्सलच्या ६० सेंटीमीटर पुढे पडतो. दोन ॲक्सलमधील अंतर २.४ मीटर असेल, तर तरफेच्या न्यायाने पुढच्या ॲक्सलवर ७० नव्हे, तर ८७.५ किलो वाढतात आणि मागचा ॲक्सल १७.५ किलोंनी हलका होतो. म्हणजे पुढची स्प्रिंग अंदाजापेक्षा अधिक दबते आणि मागची थोडी उठते, आणि नाक खाली घातलेली गाडी पाहून मालक स्प्रिंगला दोष देतो. मागे ओव्हरहँगवर, म्हणजे मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे, टांगलेले जादा चाक आणि पाण्याचे कॅन हाच खेळ उलट दिशेने खेळतात.

तिसरी पायरी : टायर आधी ठरवावा

लिफ्टचे एक मोठे काम म्हणजे टायरसाठी जागा करणे, म्हणून टायरचा आकार आधी ठरला पाहिजे. २४५/७५ आर १६ (रुंदी २४५ मिलीमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंच) या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलीमीटर असतो, २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४ आणि २८५/७५ आर १६ चा सुमारे ८३४. व्यास ३० मिलीमीटरने वाढला तरी ॲक्सल फक्त त्याच्या निम्म्याने, म्हणजे १५ मिलीमीटरने वर जातो, कारण वाढीचा अर्धा भाग चाकाच्या मध्याच्या वरच राहतो. हा आकडा लहान वाटतो, पण तो डिफरेन्शियलखाली मिळणारा आहे आणि तिथे दुसऱ्या कोणत्याही सोप्या मार्गाने मिळत नाही.

मोठ्या टायरची किंमत इतरत्र मोजावी लागते. २४५ वरून २८५ च्या टायरवर गेल्यास स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास धावत असते. सगळे गिअर तेवढ्याच प्रमाणात लांब होतात, त्यामुळे खडकांवर लो-रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या हळू गिअरमध्ये) गाडी हळू चालवणे अवघड होते आणि चढावर इंजिन दमते. चाकांचे वजन वाढल्याने ब्रेकवर आणि स्टीअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. टायर एक आकार मोठा घेतल्यास बहुतेक गाड्या हे निभावून नेतात. तीन आकार मोठा घेतल्यास डिफरेन्शियलचे गिअर बदलण्यापर्यंत मजल जाते आणि नाकापेक्षा मोती जड होतो. रिम बदलायचे असतील तर त्यांचा ऑफसेटही (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर) पाहावा, कारण चाक बाहेर आले की स्टीअरिंग वळवताना ते मोठ्या वर्तुळात फिरते आणि आधी न घासणारा टायर मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यावर घासू लागतो.

चौथी पायरी : लिफ्टचा प्रकार

बॉडी लिफ्टमध्ये चॅसी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. टायरसाठी जागा होते. पण चॅसी, ट्रान्सफर केस आणि इंधनाची टाकी जिथल्या तिथेच राहतात, म्हणून पोट टेकण्याची तक्रार तशीच राहते. शिवाय स्टीअरिंगचा दांडा, गिअर लिव्हर आणि रेडिएटरच्या पंख्याचे आवरण यांची जुळणी बिघडते. हा या लेखाचा विषय नाही, पण स्वस्त म्हणून हाच आधी सुचवला जातो, एवढ्यासाठी उल्लेख केला.

स्पेसर लिफ्टमध्ये मूळ स्प्रिंग व शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) तसेच ठेवून मध्ये चकती घालतात. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये स्ट्रट (स्प्रिंग व शॉक यांची एकत्र जोडी) खालच्या आर्मच्या, म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या, मधोमध बांधलेला असल्याने २५ मिलीमीटरची चकती चाकापाशी जवळपास ५० मिलीमीटरची उंची देते, आणि ‘एवढ्याशा चकतीने एवढी उंची’ या आश्चर्यातून तिची विक्री होते. चकती कुठे बसते त्यावर तिचे परिणाम ठरतात. ती स्ट्रटच्या वर, बाहेरून बसवली तर चाक पूर्वीपेक्षा अधिक खाली लोंबते आणि वरच्या आर्मचा बॉल जॉइंट व सीव्ही जॉइंट (चाकाला शक्ती देणाऱ्या दांड्याचा वळणारा सांधा) यांच्यावर त्यांच्या मर्यादेपलीकडचा कोन येऊ शकतो. ती स्प्रिंगवर, आतून बसवली तर शॉकची एकूण लांबी तीच राहते, मात्र उभ्या गाडीत तो आधीच बराच उघडलेला असतो, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरताना शॉक शेवटपर्यंत उघडून ‘खट्’ असा आवाज करतो. अशा चकतीने स्प्रिंग ‘कडक’ झाली असे सांगितले जाते, ते बरोबर नाही. सरळ दराच्या (दाबली तरी ताठपणा एकसारखा राहणाऱ्या) स्प्रिंगवर आधीचा दाब वाढवल्याने तिची उंची बदलते, ताठपणा बदलत नाही. थोडा मोठा टायर लावून बहुतेक डांबरी रस्त्यावरच फिरायचे असेल, तर चांगल्या बनावटीचा स्पेसर चालून जातो. जड सामान वाहणाऱ्या गाडीसाठी तो वरवरची मलमपट्टी ठरतो.

नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉक असा पूर्ण संच हाच नवख्यासाठी योग्य मार्ग आहे. पुढील पायऱ्या हाच प्रकार गृहीत धरून लिहिल्या आहेत.

मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांविषयी चार शब्द वेगळे सांगितले पाहिजेत. एक जादा पाटा घातला की उंची वाढते आणि ताठपणाही वाढतो; वजन नेहमी असेल तरच ते सोसते. लांब शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी) बसवल्यास त्याच्या वाढीच्या साधारण निम्मीच उंची मिळते, कारण पाट्याचे एकच टोक खाली जाते, आणि ॲक्सलही किंचित फिरतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा ठेवण्याची पद्धत मागच्या ॲक्सलला मर्यादित उंचीपर्यंत वापरात आहे. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीही लावू नये, कारण ब्रेक आणि स्टीअरिंगचे जोर तिथे पडतात. ॲक्सलखाली असलेले पाटे ॲक्सलवर नेण्याचा बदल पुष्कळ उंची देतो, पण वेग वाढवताना ॲक्सल पिळला जाणे, ब्रेक पाइप, स्टीअरिंग अशा प्रश्नांची मालिका त्याच्यामागे येते. तो अनुभवी कारागिराचा विषय आहे.

पाचवी पायरी : आता उंची

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीला ४० ते ५० मिलीमीटर ही मर्यादा समजावी. त्यापुढे सीव्ही जॉइंट तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, आणि मग डिफरेन्शियल खाली उतरवण्याचे ब्रॅकेट सुचवले जातात. म्हणजे कमावलेली उंची पुन्हा परत करायची. अखंड ॲक्सलच्या गाड्या अधिक उंची सहन करतात, परंतु ५० मिलीमीटरपर्यंत ज्या दुरुस्त्या थोडक्यात भागतात, त्या ७५ ते १०० मिलीमीटरला अनिवार्य आणि बऱ्याच खर्चिक होतात.

उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो, हे सगळे जाणतात. तो किती महत्त्वाचा आहे याचा हिशेब मात्र क्वचित केला जातो. डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असे एक गुणोत्तर आहे. अमेरिकेचे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन गाडी उलटण्याच्या धोक्याचे मानांकन करताना ते वापरते. चाकांमधील अंतर १५०० मिलीमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० मिलीमीटरवर असेल तर हे गुणोत्तर १.०७ येते, गुरुत्वमध्य ७५० वर गेला की ते १.०० वर उतरते. कागदावर हा फरक आडव्या उताराच्या दोन अंशांचा दिसतो. प्रत्यक्षात मात्र बॉडी स्प्रिंगवर उताराच्या दिशेने कलते, टायर दबतो आणि छतावरच्या तंबूचे वजन त्यात भर घालते, म्हणून खरी मर्यादा कागदावरच्या आकड्याच्या बरीच अलीकडे येते. रस्त्यावर अचानक दिशा बदलण्याच्या प्रसंगी हेच गुणोत्तर कामाला येते, आणि ऑफ-रोड गाडीचा बहुतेक प्रवास शेवटी रस्त्यावरच होतो.

सहावी पायरी : स्प्रिंग वजनावरून निवडावी

लिफ्टच्या स्प्रिंग साधारणपणे तीन-चार वर्गांत मिळतात: रिकामी गाडी, मध्यम भार, कायमचा जड भार. या वर्गांपुढे किलोंचे आकडे दिलेले असतात आणि ते मूळ गाडीवर कायम वाढलेल्या वजनाचे असतात. शनिवार-रविवारी भरायच्या सामानाचे ते आकडे नव्हेत. वजनकाट्यावरील आकड्यांतून मूळ गाडीचे, माणसांचे आणि उतरवता येणाऱ्या सामानाचे वजन वजा करून पुढच्या व मागच्या ॲक्सलसाठी स्वतंत्र आकडा काढावा आणि त्या वर्गाची स्प्रिंग घ्यावी. पुढे जड आणि मागे मध्यम अशी निवड करण्यात काहीच गैर नाही.

वर घेतलेले ८७.५ किलोंचे उदाहरण पुढे नेले, तर प्रत्येक पुढच्या स्प्रिंगवर सुमारे ४४ किलो, म्हणजे सुमारे ४३० न्यूटनचा भार वाढला. अखंड ॲक्सलवरील स्प्रिंगचा दर ३० न्यूटन प्रति मिलीमीटर असेल, तर ती १४ मिलीमीटर दबेल. ४० मिलीमीटरची लिफ्ट घेणाऱ्याच्या हाती २६ मिलीमीटरच उरले. यावर दोन उपाय असतात: त्याच दराची पण अधिक लांब स्प्रिंग किंवा अधिक ताठ स्प्रिंग. सामान कायम असेल तर दुसरा उपाय बरा, कारण वाढलेल्या वजनाला ताठपणाही वाढलेला लागतो.

‘पुढे कधीतरी विंच लावायचाच आहे’ म्हणून आजच जड वर्गाची स्प्रिंग घेऊ नये. रिकाम्या गाडीखाली ती दबतच नाही, प्रत्येक खाचेवर गाडी उडते, चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उसळते आणि पकड उलट कमी होते. लिफ्टमुळे गाडी टणक झाली, ही जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिच्यामागे उंची क्वचित असते. चुकीच्या भाराची स्प्रिंग हेच तिचे नेहमीचे कारण आहे. आणि एक खुलासा येथेच करणे आवश्यक आहे. ताठ स्प्रिंग बसवल्याने गाडीची अधिकृत भारक्षमता वाढत नाही. ॲक्सल, ब्रेक आणि चॅसी तेच राहतात.

काही गाड्यांच्या संचात डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळ्या उंचीची असते, आणि चालकाची जागा कोणत्या बाजूला आहे त्यावर त्यांची अदलाबदल होते. खोक्यावरील खूण पाहूनच त्या बसवून घ्याव्यात.

सातवी पायरी : शॉक

स्प्रिंग वजन पेलते, शॉक तिची उसळी आवरतो. म्हणून ताठ स्प्रिंगला तितकाच आवरणारा शॉक लागतो. एका कंपनीची स्प्रिंग, दुसरीचा शॉक आणि तिसरीचे स्पेसर असे जमवल्यास एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होते. एकत्र जुळवून दिलेला संच घेणे नवख्याला नेहमीच सोयीचे पडते.

दुहेरी नळीचा, नायट्रोजन भरलेला आणि जाड पिस्टनचा शॉक सर्वसाधारण वापराला पुरेसा असतो. त्याच्या बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा पडला तरी आतली नळी काम करीत राहते. एकेरी नळीचा शॉक उष्णता लवकर बाहेर टाकतो, त्यामुळे लांबच लांब खाचांच्या कच्च्या रस्त्यावर तेल फेसाळून तो ढिला पडण्याचा संभव कमी असतो. परंतु त्याचा पिस्टन बाहेरच्या नळीलाच घासून चालत असल्याने एक खोल पोचा त्याला कायमचा निकामी करू शकतो. वेगळ्या टाकीचे शॉक वेगाने आणि दीर्घकाळ कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. सावकाश खडक चढणाऱ्याला त्यांचा उपयोग फारसा नाही, मात्र ते दिसतात छान, हे मान्य करायला हवे.

शॉकच्या दोन लांबी विचारून घ्याव्यात: पूर्ण मिटलेली आणि पूर्ण उघडलेली. मिटलेली लांबी जास्त असेल तर बंप स्टॉपचे (चाकाची वरची हालचाल थांबवणारे) रबर दबण्यापूर्वीच शॉक आतून तळाला आदळतो आणि फुटतो. उघडलेली लांबी कमी असेल तर चाक खाली उतरू शकत नाही, आणि चाकाच्या ज्या वर-खाली झुलण्यासाठी लिफ्ट घेतली तेच हरवते. उघडलेली लांबी फारच जास्त झाली तर ॲक्सल इतका लोंबतो की स्प्रिंग बैठकीतून सुटते किंवा ब्रेक पाइप ताणला जातो.

आठवी पायरी : उंचीमुळे बिघडणारी भूमिती

या पायरीकडे दुर्लक्ष झालेली गाडी दुरून देखणी दिसते आणि चालवताना घाबरवते. पुढे अखंड ॲक्सल असलेल्या अनेक गाड्यांत ॲक्सलला पकडणारे रेडियस आर्म चॅसीला मागच्या बाजूला जोडलेले असतात. गाडी वर गेली की आर्म तिरका होतो, त्याच्याबरोबर ॲक्सल फिरतो आणि कॅस्टर कोन (पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) कमी होतो. आर्म ८० सेंटीमीटर लांब असेल तर ५० मिलीमीटरच्या लिफ्टने सुमारे साडेतीन अंश जातात, आणि काही गाड्यांचा मूळ कॅस्टरच जेमतेम तीन अंशांचा असतो. परिणाम असा की वळण संपल्यावर स्टीअरिंग स्वतःहून सरळ होत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी डुलत राहते. यासाठी ऑफसेट बुश (मध्य सरकवलेले रबरी बुश) किंवा कोन सुधारलेले आर्म संचात असले पाहिजेत. नसतील तर त्यांचा खर्च धरूनच संचांची तुलना करावी.

ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉडही तिरका होऊन ॲक्सलला एका बाजूला ओढतो. ५० मिलीमीटरला हा सरक काही मिलीमीटरचाच असतो, त्यापुढे मात्र लांबी बदलता येणारा रॉड घ्यावा. पुढच्या ॲक्सलवर हा रॉड आणि स्टीअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टीअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) एकमेकांना समांतर राहणे आवश्यक आहे. एकाचाच कोन सुधारला आणि दुसरा तसाच ठेवला, तर प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग हिसका देते. आदळल्यावर पुढची चाके जोरजोरात थरथरू लागण्याचा जो कुप्रसिद्ध दोष आहे, त्याचे मूळ बहुधा झिजलेल्या बुशांत, सैल बोल्टमध्ये आणि तोल बिघडलेल्या टायरमध्ये सापडते. लिफ्ट तो दोष उघड करते, आणि नवा स्टीअरिंग डॅम्पर लावून तो फक्त झाकला जातो.

प्रोपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे शक्ती नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) दोन्ही टोकांचे सांधे सारख्या कोनात राहिले तर शाफ्ट शांत फिरतो. लिफ्टनंतर ठरावीक वेगाला तळातून थरथर जाणवू लागली, तर आधी हे कोन मोजून घ्यावेत.

नववी पायरी : लहान दिसणाऱ्या गोष्टी

ब्रेकचे लवचीक पाइप, एबीएसच्या तारा आणि डिफरेन्शियलच्या ब्रीदर (आतली हवा ये-जा करू देणाऱ्या) नळ्या चाक पूर्ण खाली लोंबलेले असताना आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून तपासाव्यात. अनेक जुन्या आणि भारवाहू गाड्यांत मागच्या ॲक्सलला जोडलेला एक ब्रेक वाल्व असतो. बॉडी आणि ॲक्सल यांतील अंतरावरून तो गाडीवरील भार ओळखतो आणि मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी उंच झाली की गाडी रिकामी आहे असे समजून तो मागचा ब्रेक कमी करतो, आणि भरलेली गाडी थांबायला अधिक अंतर घेते. त्याच्यासाठी एक साधे ब्रॅकेट पुरते, पण ते आठवणीने मागावे लागते. हेडलाइटचा झोत पुन्हा खाली आणावा. काच किंवा बंपरमागे कॅमेरा अथवा रडार असलेल्या गाड्यांत त्याची फेरजुळणी लागेल का, हे उत्पादकाच्या सेवा केंद्रात विचारावे.

उंचीतील बदलाविषयीचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात आणि काही ठिकाणी टायरची वाढही त्याच मर्यादेत धरली जाते, म्हणून पैसे देण्यापूर्वी नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी या दोहोंकडून लेखी उत्तर घ्यावे.

दहावी पायरी : बसवणे आणि त्यानंतर

काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी एका गोष्टीवर स्वतः लक्ष ठेवावे. आर्म आणि पाट्यांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे कसू नयेत. रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. लटकत्या स्थितीत बोल्ट आवळला की गाडी खाली उतरल्यावर ते कायम पिळलेले राहते, काही महिन्यांत फाटते आणि तोपर्यंत गाडी विनाकारण ताठ चालते. बोल्ट हलके लावून गाडी चाकांवर उतरवावी, थोडी हलवावी आणि मग उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने कसावेत. गडबडीच्या गॅरेजमध्ये हमखास वगळले जाणारे काम ते हेच. शॉकभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग सोडवण्याचे काम मात्र योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) घरी करू नये, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतू शकते.

त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि छापील अहवालात कॅस्टरचा आकडा आहे ना, ते पाहावे. केवळ ‘टो’ (चाके एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते) जुळवून गाडी परत देण्याची पद्धत लिफ्ट केलेल्या गाडीला चालत नाही. मग एखाद्या मोकळ्या जागी एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे आणि मडगार्डच्या आत, चॅसीपाशी आणि ब्रेक पाइपजवळ हात घालून जागा तपासावी. घासण्याची शंका असलेल्या ठिकाणी खडूने रेघ मारून ठेवली, तर पहिल्या फेरीनंतर पुसलेली रेघ जागा नेमकी दाखवते. टायर बंप स्टॉपच्या आधी मडगार्डला लागत असेल, तर बंप स्टॉप लांब करावा. मडगार्ड कापण्याची घाई करू नये.

पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा कसून घ्यावेत आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची चारही मापे पुन्हा घ्यावीत. नवी स्प्रिंग या काळात सेंटीमीटरभर बसणे स्वाभाविक आहे, म्हणून अलाइनमेंटही याच वेळी आणखी एकदा तपासून घेणे सोयीचे. एका कोपऱ्यात इतरांपेक्षा बरीच अधिक घट दिसली, तर तिथली स्प्रिंग बैठकीत नीट बसली आहे का आणि डावी-उजवी अदलाबदल झाली आहे का, ते पाहावे. चारही कोपरे सारखेच आणि अपेक्षेपेक्षा जास्त उतरले असतील, तर स्प्रिंग परत करण्यापूर्वी गाडी पुन्हा वजनकाट्यावर न्यावी. बहुतेक वेळा मधल्या काळात हळूहळू वाढलेले सामानच तिथे सापडते.